चौपदरी राहू दे, आधी मोकळा करा: ऊस पट्ट्यातल्या एका रस्त्याच्या मोहिमेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं आहे. गाव, कारखाना आणि माणसं ओळखू येतील असा तपशील मुद्दाम गाळला आहे, कारण यातली बरीच मंडळी आजही एकमेकांसमोर दुकानं चालवतात. मी या मोहिमेत पदाधिकारी नव्हतो. बैठकांना जाऊन बसायचो, टिपणं ठेवायचो. पुढे अर्ज आणि उत्तरांची फाईलही माझ्याकडेच आली.

गावाच्या मधून राज्य मार्ग जातो. पश्चिमेकडून येताना आधी ओढ्यावरचा जुना दगडी कमानींचा पूल लागतो. मग एसटी स्टँडचं फाटक, हायस्कूल, ग्रामीण रुग्णालयाकडे वळणारा बोळ आणि शेवटी मुख्य चौक. कारखान्याकडून येणारा प्रमुख जिल्हा मार्ग या चौकात मिळतो. हे सगळं दोन किलोमीटरच्या आत. मंगळवारचा आठवडी बाजार कागदावर मैदानात भरतो, प्रत्यक्षात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

पावसाळ्यात रस्ता बरा चालतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की चित्र पालटतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, त्यांच्यामधून वाट काढणारं वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी जीपा, आणि फाटकातून अर्धवट तोंड बाहेर काढून उभी असलेली एसटी. पुलावर दोन मोठी वाहनं समोरासमोर आली की एकानं मागं घ्यायचं, असा अलिखित नियम होता. मागं कुणी घ्यायचं यावर रोज भांडण.

2021-22 चा हंगाम वेगळा होता. त्या वर्षी राज्यात सुमारे 137 लाख टन साखर झाली. तोवरचा तो विक्रम. ऊस संपता संपेना आणि काही भागांत गाळप जूनपर्यंत लांबलं. या गावातली कोंडीही तशीच लांबली. मार्चमध्ये दहावीच्या पेपरला निघालेली मुलं पुलाअलीकडे एसटीतून उतरून चालत शाळेत पोहोचली. त्या संध्याकाळी हायस्कूलच्या व्हरांड्यात पालक जमले आणि तिथेच रस्ता कृती समिती झाली. समितीत औषध दुकानदार होते, दोन शिक्षक होते, वडापवाल्यांचा एक प्रतिनिधी होता आणि एसटीतून निवृत्त झालेले एक वाहतूक नियंत्रक होते. गाव त्यांना ‘कंट्रोलर’च म्हणतं. पुढे मोहिमेला वळण दिलं ते मुख्यतः त्यांनी.

अडचण नेमकी काय होती

आधीच्या काही वर्षांत या रस्त्यासाठी निवेदनं कमी गेली नव्हती. दर निवेदनात एकच मागणी: राज्य मार्गाचं तातडीनं चौपदरीकरण करा. शेवटी इशारा: अन्यथा 26 जानेवारीला उपोषण. उत्तर ठरलेलं: प्रस्ताव विचाराधीन आहे. पोच मिळायची, फोटो निघायचा, विषय संपायचा.

समितीनं पहिल्यांदा एक साधं काम केलं. रस्त्याच्या दोन किलोमीटरमध्ये काय काय कुणाच्या ताब्यात आहे, ते एका मोठ्या कागदावर लिहून काढलं. डांबर सार्वजनिक बांधकाम विभागाचं. गटार आणि बाजार नगरपंचायतीचा. विजेचे खांब महावितरणचे. स्टँडचं फाटक एसटी महामंडळाचं. रहदारी पोलिसांची. पार्किंग आणि जड वाहनांवरच्या निर्बंधांचा अधिकार मोटार वाहन कायदा, 1988 खाली, म्हणजे कागद जिल्ह्याला जाणार. उसाची वाहनं कारखान्याच्या कराराखाली. कारखान्यामागून जाणारा कॅनॉलचा रस्ता पाटबंधारे विभागाचा. आजवरची सगळी निवेदनं यातल्या एकाच कार्यालयाकडे गेली होती, आणि मागितलं होतं ते त्या कार्यालयाच्या तालुक्यातल्या साहेबांच्या हातात कधीच नव्हतं. उपअभियंता चौपदरीकरण देऊ शकत नाही. तो पांढरे पट्टे, फलक, साईडपट्टीचा मुरूम देऊ शकतो, आणि ते त्याच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

हा कागद पुढे दोन वर्षं औषध दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीवर होता.

समोरचे पर्याय

पहिल्या दोन-तीन बैठकांत जे पर्याय आले ते साधारण असे.

चौपदरीकरण. सगळ्यांना हवं होतं, पण टोलची धास्तीही होती. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाची आठवण या भागात ताजी आहे. तिथला टोल जाण्यासाठी लोकांना 2015 संपेपर्यंत झगडावं लागलं. शिवाय एका शिक्षकांनी मुंबई-गोवा महामार्गाचं उदाहरण दिलं. 2011 मध्ये पनवेल-इंदापूरच्या कामाला हात लागला आणि एक तप उलटून गेलं तरी ते पुरं झालं नव्हतं. “आपला नंबर लागेपर्यंत या पोरांची पोरं दहावीला बसतील,” असं ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

बाह्यवळण रस्ता. कागदावर सगळ्यात शहाणा पर्याय. गावाशी काम नसलेली वाहनं गावात येऊच नयेत. पण तो काढायचा तर दोन्ही बाजूंना बागायती ऊस, तोही अल्पभूधारकांचा. भूसंपादन 2013 च्या कायद्यानं करा की वाटाघाटीनं थेट खरेदी करा, जमीन जाणाऱ्याचा विरोध ठरलेला. आणि चौकातल्या हॉटेलवाल्यांना भीती अशी की बायपास झाला की गिऱ्हाईक गेलं.

आहे तो रस्ता मोकळा करणं. हद्द मोजा, अतिक्रमण काढा, गटार बांधा, पूल रुंद करा, बाजार मैदानात न्या. या पर्यायाला बैठकीत टाळ्या कमी पडल्या, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांचीच दुकानं रस्त्यावर होती.

उच्च न्यायालयात जनहित याचिका. तेव्हा कोल्हापूरला सर्किट बेंच नव्हतं. ते 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं. त्याआधी मुंबई गाठायची, वकील करायचा, तारखांना जायचं. वर्गणीतून हे झेपेल असं कुणाला वाटलं नाही. आणि आकडेवारी हातात नसताना न्यायालयात काय सांगणार, हा कंट्रोलरांचा प्रश्न बिनतोड होता.

निर्णय पहिला: आधी मोजायचं

माहिती अधिकारात चार गोष्टी मागितल्या: आधीच्या वाहतूक गणनांचे तक्ते, रस्त्याच्या हद्दीचा नकाशा, शेवटच्या डांबरीकरणाचं अंदाजपत्रक आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची मुदत. 30 दिवसांच्या मुदतीत पहिलं आणि तिसरं आलं. नकाशासाठी पहिलं अपील करावं लागलं.

गणनेचा तक्ता बघताना कंट्रोलरांना तारीख खटकली. हातात आलेली मोजणी हंगाम नसतानाची होती. इंडियन रोड्स काँग्रेसची या विषयावरची जुनी मार्गदर्शिका, आयआरसी 9, स्पष्ट सांगते की वर्षातून किमान दोनदा मोजा. एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या ऐन मोसमात, एकदा मंदीच्या काळात. दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. या रस्त्यावर ऐन मोसम म्हणजे काय, हे सांगायला अभियंता लागत नाही. तरी फाईलमध्ये सुगीची मोजणी नव्हती.

मग गावानंच मोजायचं ठरलं. हंगाम भरात असताना, पुलाच्या कठड्याशी. चहाच्या टपरीवाल्यानं बाकडं दिलं. तीन पाळ्या लावल्या, रात्रपाळीला कॉलेजची पोरं. तक्ता कंट्रोलरांनी आखला: दुचाकी, मोटार-जीप, एसटी आणि ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी, सायकल. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पहाटे दोन ते पाच हा वेळ सगळ्यात अवघड निघाला. दिवसा उन्हात बैल थकतात म्हणून गाडीवान रात्रीच्या गारव्यात निघतात. बिनदिव्याची गाडी जवळ आली की आधी घुंगरू ऐकू यायचं, मग पोरं बॅटरी मारून रेघ ओढायची. दिवसा मोजणाऱ्या माणसाला या गाड्या दिसल्याच नसत्या.

खरं बळ मिळालं ते पीसीयूच्या (पॅसेंजर कार युनिट) हिशोबातून. रस्त्यावरची सगळी वाहनं मोटारीच्या मापात बदलून मोजतात. रस्त्यांच्या क्षमतेवरची पुस्तिका, आयआरसी 64, हिच्याप्रमाणे मोटार 1, दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस 3, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी 8. त्याच पुस्तिकेत सपाट प्रदेशातल्या दुपदरी रस्त्याची मर्यादा दिवसाला 15,000 पीसीयू दिली आहे. विभागाच्या तक्त्यात रस्ता या मर्यादेच्या खूप आत बसत होता. गावाच्या मोजणीत तो तिच्याबाहेर गेला. दुचाक्यांमुळे नाही, तर रात्रीच्या त्या गाड्यांमुळे.

निर्णय दुसरा: मागणी बदलायची

हे तक्ते घेऊन मंडळी कार्यकारी अभियंत्यांकडे गेली. ही भेट मी पाहिली, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

साहेबांनी कागद चाळले. “बैलगाडीला आठ? कुणी सांगितलं?”

“साहेब, आयआरसी 64 मध्ये आहे. तुमच्या कपाटात असेल बघा.”

कपाटात होतं. साहेब हसले. पण नंतर त्यांनी जे सांगितलं त्यानं आमची तयारी निम्मी बाद झाली. “अण्णा, मोजणी तुम्ही पुलावर केली, त्यामुळे हा तक्ता चालेल. सुगीची गणना मी लावतो. पण हे पुस्तक उघड्या माळावरच्या रस्त्याचं. गावातला रस्ता किती वाहनं झेलतो, ते त्याच्या कडेला काय उभं आहे त्यावर ठरतं. उद्या मी चार पदर दिले, तर कडेच्या दोन पदरांवर तुमच्याच मोटारसायकली उभ्या राहतील. आणि पूल आहे तेवढाच राहिला, तर चार पदरांची गर्दी त्याच बोळात शिरणार.”

बाहेर आल्यावर वडापचा प्रतिनिधी चिडला होता. साहेब टोलवतोय, असं त्याचं म्हणणं. कंट्रोलरांना मात्र ते पटलं होतं. स्टँडच्या फाटकावर आयुष्य काढलेला माणूस. एक गाडी आडवी आली की मागं किती गाड्या थांबतात ते त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. पुढच्या बैठकीत चौपदरीकरण मागणीपत्रातून निघालं. त्याऐवजी तीन कप्पे झाले: तालुक्यातच होऊ शकेल ते, जिल्ह्याला जाऊन होईल ते, आणि अर्थसंकल्पाशिवाय होणार नाही ते. पहिल्या कप्प्यात पट्टे, फलक, शाळेपुढचे रंबलर (वेग कमी करायला लावणारे उंचवट्याचे पट्टे), पुलावरचे दिवे आणि फाटकाजवळ पोलीस. दुसऱ्यात कारखान्याची वाहनं आणि अपघातस्थळ. तिसऱ्यात पूल आणि गावातला काँक्रीट रस्ता.

बाह्यवळणही वगळलं गेलं. मतदान झालं नाही, आवाज मोठा असलेल्यांचं चाललं. बायपासच्या बाजूचे चार-पाच जण तिथून उठले ते परत आले नाहीत. त्यांनी स्वतःची वेगळी समिती काढली.

निर्णय तिसरा: रास्ता रोकोत जायचं की नाही

दुसऱ्या हंगामात डिसेंबरच्या एका रात्री बंद पडून उभ्या असलेल्या, मागं दिवा नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी धडकली आणि तरुण दुचाकीस्वार जागीच गेला. सकाळी चौकात टायर पेटले. हे समितीनं ठरवलेलं नव्हतं.

औषध दुकानदारांचं म्हणणं, आपण लांब राहू. आपण अभ्यासू समिती आहोत. कंट्रोलरांचं म्हणणं, आज लांब राहिलो तर गाव उद्या आपल्याला विचारणार नाही. समिती गेली. पण जाताना चार ओळींचा कागद नेला: कारखान्याच्या यार्डातून रिफ्लेक्टर लावल्याशिवाय एकही ट्रॉली बाहेर सोडायची नाही; रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली हलवायला कारखान्यानं हंगामभर क्रेन ठेवायची; शाळेपुढे आणि पुलावर ठरल्या तारखेच्या आत कामं; आणि हा विषय जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत. तहसीलदार आले, पोलीस निरीक्षक आले, उपअभियंता आले. भाषणं झाली. लोक उठले ते या चार मुद्द्यांचं तारखेसह लेखी पत्र हातात आल्यावर.

याची किंमतही मोजावी लागली. आदल्या महिन्यात काहींना तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 च्या प्रतिबंधक नोटिसा गेल्याच होत्या. त्या दिवसानंतर रस्ता अडवल्याचे गुन्हे दाखल झाले, त्यात दोन नावं अशी होती जी फक्त बघायला उभी होती. त्यातल्या एकाला पुढे पोलीस भरतीचा अर्ज भरायचा होता. चारित्र्य पडताळणीत काय होईल, या धास्तीत तो घरात बसून राहिला. गुन्हे मागं घेऊ, हे आश्वासन तोंडी होतं.

निर्णय चौथा: अपघाताच्या नोंदी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे अपघातप्रवण स्थळ म्हणजे सुमारे 500 मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले किंवा 10 मृत्यू झाले. एखादी जागा या यादीत आली की तिच्यावर उपाय करणं बंधनकारक विषय होतो, नुसती विनंती राहत नाही. पण ठाण्याच्या नोंदीत जागा कशा? ‘अमुक हॉटेलसमोर’, ‘ओढ्याजवळ’, ‘पुलाच्या अलीकडे’. एकाच जागेची तीन नावं, त्यामुळे एकाच जागेचे अपघात तीन जागांत वाटले गेले होते.

शिक्षकांनी सुट्टीत बसून तीन वर्षांच्या फिर्यादींमधल्या जागा रस्त्याच्या किलोमीटर-दगडाशी जुळवल्या. दोन हवालदारांनी मदत केली. पुलापासून फाटकापर्यंतचा तुकडा व्याख्येत बसला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीत हा तक्ता गेला तेव्हा त्यावर वाद झाला नाही. मला या सगळ्या मोहिमेतलं हे सगळ्यात कमी बोललं गेलेलं आणि सगळ्यात उपयोगी पडलेलं काम वाटतं. पुलाच्या प्रस्तावाला पुढे जे वजन आलं ते यामुळे.

कारखाना, कॅनॉल आणि रिकाम्या गाड्या

चेअरमनना निवेदन दिलं, शाल-नारळ झाला, फोटो छापून आला. गाड्या हलल्या त्या मात्र कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यामुळे. कुठल्या गावाची तोड कधी, कुठलं वाहन कुठून येणार, हे त्याच्या टेबलावर ठरतं. त्याला भेटायला समितीला पूर्ण एक हंगाम लागला, कारण तो महत्त्वाचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याची सूचना साधी होती. भरलेल्या गाड्यांना दुसरा रस्ता नाही, पण रिकाम्या गाड्या परत गावातूनच कशाला जायला हव्यात? कारखान्यामागचं कॅनॉलकडचं फाटक उघडलं तर त्या तिकडून जातील. पाटबंधारे विभाग आधी तयार नव्हता. कॅनॉलचा भराव जड वाहनांसाठी नसतो, आणि ते खरंच आहे. शेवटी परवानगी मिळाली ती फक्त रिकाम्या वाहनांना, फक्त हंगामापुरती, आणि मुरूम टाकायचा तो कारखान्यानं या अटीवर. वाहनमालक डिझेलवरून कुरकुरले. तिकडच्या गावांना जाणाऱ्यांना तो रस्ता जवळचा पडला, ते आपोआप वळले. उलट बाजूचे आजही गावातूनच जातात.

अतिक्रमण: जिथे समिती फुटली

हद्दीचा नकाशा अपिलानंतर मिळाला. भूमी अभिलेख कार्यालयानं मोजणी केली आणि लाल रंगाच्या खुणा पडल्या. त्यातल्या काही समितीच्याच लोकांच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर, पत्र्याच्या शेडवर. औषध दुकानाचं शेडही त्यात होतं. त्यांनी ते स्वतःहून काढलं, पण त्या दिवसापासून बैठकांना येणं बंद केलं. घरातून विरोध होता. एका सदस्यानं दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. आजही नवं गटार त्या दुकानापाशी येतं आणि वळसा घालून पुढं जातं. पहिल्या पावसात तुंबतं तेही तिथेच.

हातगाडीवाल्यांचं वेगळंच झालं. नगरपंचायतीनं एका पहाटे जेसीबी लावून त्यांना हटवलं आणि दुसऱ्या आठवड्यात ते परत आले. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती, मग जागा असा क्रम आहे. त्यातलं काहीच झालं नव्हतं. मंगळवारचा बाजार मैदानात गेला, पण भाजीवाल्यांपुरताच. मैदानाला दिवे आणि पाण्याचा नळ आल्यावर तिथं धंदा होऊ लागला. कापड आणि भांडीवाले रस्त्याच्या कडेलाच आहेत.

परिणाम

सुगीची गणना झाली. पूल आणि गावातला काँक्रीट रस्ता आमदारांच्या पाठपुराव्यानं अर्थसंकल्पात आला. ‘बजेटला नाव लागलं’ म्हणून फटाके वाजले. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा प्रवास आहे हे अनेकांना फटाक्यांनंतर कळलं. जुन्या पुलाशेजारी नवा पूल झाला. आता जाणं एकावरून, येणं दुसऱ्यावरून. मागं कुणी घ्यायचं हे भांडण मिटलं. हंगामात सकाळची एसटी वेळेवर सुटते. रिफ्लेक्टर पहिल्या वर्षी सगळ्या ट्रॉल्यांना होते. नंतर चिखलानं झाकलेले बरेच दिसतात.

काँक्रीट रस्ता झाला आणि नवी दुखणी आली. तो जुन्या डांबरावर चढवल्यामुळे आसपासच्या जोत्यांपेक्षा उंच झाला. पावसात पाणी गटाराच्या आधी दुकानात शिरतं. दुभाजकाला ग्रामीण रुग्णालयाच्या बोळासमोर जागाच सोडलेली नव्हती. 108 ची गाडी पुढच्या चौकातून वळून यायची. कुणीतरी रात्रीत दुभाजक फोडला. विभागानं तो बांधला, परत फुटला. शेवटी तिथे अधिकृत खिंड दिली, पण सिग्नल नाही, पट्टे नाहीत, आणि आता त्याच खिंडीतून सगळेच वळतात.

वेगळं काय करता आलं असतं

निविदेआधी आराखडा मागायला हवा होता. समितीनं ‘काम मंजूर करा’ इथपर्यंत जोर लावला आणि मंजुरीनंतर सैल सोडलं. रस्त्याची पातळी, गटाराचा उतार, दुभाजकातल्या खिंडी हे सगळं एका नकाशात असतं आणि काम सुरू होण्याआधी बदलणं सोपं असतं. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तो नकाशा एकदा दाखवला असता तर त्यांनी बोट ठेवून सांगितलं असतं.

दुकानदार आणि विक्रेते यांच्याशी हद्दीची मोजणी होण्याआधी बसायला हवं होतं. लाल खूण पडल्यावर माणूस ऐकत नाही, वकील बघतो. मोजणी समितीनंच मागितली होती. ती कुणाच्या दारात जाणार हे अंदाजानं सगळ्यांना माहीत होतं, आणि नेमका तोच विषय बैठकीत कुणी काढत नव्हतं.

आंदोलनाच्या दिवशी एक वकील सोबत हवा होता, आणि गुन्हे मागं घेण्याचा मुद्दा त्या लेखी पत्रात पाचवा म्हणून. तहसीलदारांच्या हातात तो नव्हता हे खरं, पण शिफारस करतो एवढं तरी कागदावर आलं असतं. त्या दोघांना आजही तारखांना जावं लागतं.

बाह्यवळणाबद्दल समितीतल्या जुन्या मंडळींत आजही दोन मतं आहेत. माझं मत असं की तो मागणीपत्रातून काढणं तेव्हा बरोबर होतं, पण विसरून जाणं चूक. नगरपंचायतीचा विकास आराखडा होतो तेव्हा भविष्यातल्या रस्त्याची रेघ त्यात दाखवता येते. तशी रेघ असली की तिच्यावर घरांना परवानगी मिळत नाही. आरक्षण कायमचं नसतं हे खरं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 खाली दहा वर्षांनंतर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत जमीन घेतली नाही तर आरक्षण जातं. तरी तेवढा काळ हातात राहतो. इथे त्या पट्ट्यात आत्ताच प्लॉट पडायला लागले आहेत. वेगळी निघालेली समिती हेच सांगत होती, पण तोवर दोन्ही समित्यांचं बोलणं बंद होतं.

सध्या दोन्हीकडचे तिघं-तिघं महिन्यातून एकदा भेटतात. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होताच हरकती-सूचनांच्या मुदतीत बायपासच्या रेघेसाठी अर्ज द्यायचा, एवढं ठरलं आहे. ज्यांच्या शेतातून ती रेघ जाईल त्यांच्याकडे अर्जाआधी जायचं, हेही यावेळी ठरलं आहे. कुणी जायचं यावर अजून एकमत नाही.